नॉमिनीशी नातं

कचरू गायसमुद्रेला नेकनुरात कुणी कचरू म्हणत नाही. मोठी माणसं ‘कंडक्टर’ म्हणतात, बारकी ‘मामा’ म्हणतात. कचरू म्हणतो तो स्वतःच स्वतःला, आणि तेही शिव्या घालायच्या असतील तेव्हा. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं तिसऱ्याचं नाव कचरू ठेवलं, म्हणजे सटवीची नजर जाऊ नये. सटवीची नजर गेली नाही हे खरं, पण त्या नादात अक्कल वाटणाऱ्याचीही गेली नाही, असं तो सांगतो आणि वर आपणच हसतो.

एसटीत तेहतीस वर्षं तिकिटं काढून तो रिटायर झाला. खाकी गेली, बॅग गेली, शिट्टी गेली. आवाज तेवढा महामंडळाला परत करता आला नाही. पन्नासाच्या गाडीत नव्वद माणसं, दोन शेरडं आणि एक नवी शिलाई मशीन कोंबून ‘आतमधी सरका, पाठीमागं जागा हाय’ म्हणून कमावलेला आवाज तो. असा आवाज घेऊन घरात बसायचं तरी किती? बायको, दगडाबाई, सहा वर्षांमागं गेली. मुलगा सतीश बीडला मास्तर, सून रूपाली तिथंच. मग कचरू बँकेच्या ओट्यावर जाऊन बसायला लागला आणि लोकांचे फॉर्म भरून द्यायला लागला. पैसे घेत नाही. चहा घेतो. दिवसाला नऊ चहा होतात ही गोष्ट वेगळी.

आता बँकेचा फॉर्म तुम्ही कधी नीट वाचलाय का? वाचू नका, रक्त आटवायचं काम आहे. माणूस बिचारा आपलेच पैसे ठेवायला आलेला असतो. त्याला विचारायचं, बाबा रे, तुझं लग्न झालंय का, मोडलंय का, जोडीदार मेलाय का? आईचं नाव काय? शिक्षण किती? कमावतोस किती? घर स्वतःचं की भाड्याचं? गाडी आहे का? तुझ्या जिवावर किती जण जेवतात? सोयरिकीला आलेले पाव्हणेसुद्धा निदान पोहे खाऊन मग विचारतात. बँक पाणीही विचारत नाही. त्यात धर्माचा रकाना. कचरू तिथं ‘बौद्ध’ लिहायचा तेव्हा पेन जरा दाबून लिहायचा, आज्यानं छप्पन साली कमावलेला शब्द होता तो. आणि त्याच्याच खाली लगेच प्रवर्गाचा रकाना. “वरच्या दारानं भाईर काढायचं आन् खालच्या दारानं परत आत घ्यायचं,” असं म्हणत तो तोही भरायचा.

बरं, हे सगळं तो विचारायचा कसं? गाडीच्या मागच्या सीटपर्यंत जाईल असं. ओट्यावर पंधरा-वीस माणसं रांगेत उभी, आणि कचरूचं सुरू.

“तात्याबा, शिक्षण?”

“मेंढरामागं,” तात्याबा म्हणायचा. तो मेंढपाळ माणूस.

“तुमच्यावर अवलंबून असलेली माणसं?”

“दीडशे. मेंढरं धरून.”

रांग हसायची, कचरूला चेव यायचा. कुणाची सून नांदत नाही, कुणाचा जावई दहावी नापास आहे, कुणाच्या घरावर अजून पत्रे आहेत, सगळं त्या ओट्यावरनं गावाला कळायचं. बँकेतली धनश्री मॅडम, खात्यांचं काम बघणारी पोरगी, दोनदा खिडकीतून म्हणाली होती, “मामा, जरा हळू. लोकांची खासगी माहिती असते ती.” कचरू म्हणाला होता, “मॅडम, खासगी आसती तर तुमी छापून कावून इचारली आसती?” आणि आपण लई भारी बोललो या खुशीत त्यानं त्या दिवशी दहावा चहा घेतला होता.

असा हा हुशार माणूस. त्याची हुशारी मनकर्णाबाईपुढं मात्र चालत नसे.

मनकर्णाबाई समोरच्या अंगणवाडीत मदतनीस. वय पंचावन्नच्या आसपास. नवरा ऐन तरणा असताना गेला, लेकरू झालं नाही. चार वर्षांमागं ती मानधनाच्या खात्याचा फॉर्म घेऊन कचरूकडं आली, आणि कचरूनं नेहमीच्या आवाजात तिचं सगळं विचारून घेतलं. तेव्हापासून चार वाजता, पोरांच्या खिचडीचं पातेलं घासून झालं की ती चहाच्या टपरीवर यायची. दोघं बाकावर बसायचे. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. बोलायचे ते गावाचं, पोरांचं, तिच्या गुडघ्याचं, त्याच्या ॲसिडिटीचं. बँकेला मनकर्णाबाईबद्दल जेवढं माहीत होतं तेवढं कचरूला पाठ होतं. त्याच्या पुढचं विचारायची त्याच्यात छाती नव्हती. साठीचा माणूस, चेहऱ्यावर सुरकुत्या, तोंडात अर्धे दात परके, आणि बुजायचा मात्र पहिल्यांदा पास काढायला आलेल्या पोरासारखा. आपलंच आपल्याला हसू यायचं त्याला.

मग गेल्या थंडीत त्याच्या छातीत कळ आली. सतीश ट्रेनिंगला परगावी. मनकर्णाबाईनं टमटम थांबवली, त्याला आत कोंबला आणि बीडला दवाखान्यात नेला. तिथल्या नर्सनं विचारलं, “पेशंटच्या तुम्ही कोण?” मनकर्णाबाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “गावची.” नर्स म्हणाली, “फक्त नातेवाइकांना थांबता येईल.” सतीश येईपर्यंत अडीच तास ती बाहेरच्या फरशीवर बसून होती. दाराच्या फटीतून कचरूला तिच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. कळ गॅसची निघाली, ढेकर आला आणि माणूस बरा झाला. पण त्या चपला काही त्याच्या डोक्यातनं जाईनात. कुठल्यातरी एका कागदावर आपली दोघांची नावं एकाखाली एक यावीत, एवढंच त्याला वाटायला लागलं. फार वाटायला लागलं.

आणि कागद म्हटलं की कचरूला एकच कागद ठाऊक. नवं खातं काढायचं आणि नॉमिनी म्हणून मनकर्णाबाईचं नाव टाकायचं. तिला सरळ विचारण्यापेक्षा हे सोपं, असं त्याला वाटलं. सांगितलं ना, अक्कल वाटणाऱ्याची नजर गेली नव्हती.

नेकनूरच्या बँकेत तर शक्य नव्हतं. तिथं फॉर्मवरची शाई वाळायच्या आत गावाला कळलं असतं. हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण आजवर गावाला कळवायचं काम तोच करत आला होता. लिंबागणेशला त्याची चुलत बहीण. म्हणून त्यानं ठरवलं, दिंद्रुड. लांबचं, दुसऱ्या तालुक्यातलं, ना सोयरा ना धायरा. आता तुम्ही म्हणाल, हा कंडक्टर बीड-परळी गाडीवर अकरा वर्षं होता आणि ती गाडी दिंद्रुडवरनंच जाते, त्याचं काय? त्याचाही विचार कचरूनं केला होता. कंडक्टरकडं बघतं कोण? लोक तिकिटाकडं बघतात आणि सुट्ट्या पैशाकडं बघतात. खाकी नसली की कंडक्टर म्हणजे कुणीच नाही. शिवाय त्यानं मफलर गुंडाळला, डोळ्याला काळा चष्मा लावला. बीडला गाडी बदलली. तिकिटाला पैसे देताना गाडीतल्या कंडक्टरनं ओळखू नये म्हणून खिडकीबाहेर बघत बसला.

दिंद्रुडच्या बँकेत दारातच गर्दी. लोक उंबऱ्यात अडून उभे, आत अर्धी खोली मोकळी. कचरू मागं उभा राहिला. पाच मिनिटं सोसलं. दहा मिनिटं सोसलं. मग आतलं काहीतरी त्याच्या ताब्यात राहिलं नाही.

“आवो आतमधी सरका की! पाठीमागं जागा हाय!”

सगळी बँक वळली. एक म्हातारा आनंदानं ओरडला, “आरं, हे तर परळी गाडीचं कचरूमामा!” मग काय विचारता. एकानं मफलर ओढला. एकानं हात हातात घेतला. बायनाबाई म्हणून नेकनूरची माहेरवाशीण तिथं नांदते, ती पिशवी घेऊन रांगेत होती, तिनं डोक्यावरचा पदर सावरत विचारलं, “दादा, इकडं कुनीकडं? गॉगल लावून?” कचरूला वाटलं, आत्ता या क्षणी गाडी निघाली तर धावत जाऊन मागच्या शिडीला लोंबकळावं.

त्याला मानानं पुढं नेऊन खिडकीशी उभा केला. खिडकीत हरिओम नावाचा तरुण साहेब. त्यानं कचरूकडं निरखून पाहिलं आणि गालातल्या गालात हसला.

“मामा, वळखलं का? मी कॉलेजला परळीला जायचो. माझा पास एक दिवसानं संपला म्हणून तुमी मला शिरसाळ्याच्या अलीकडं खाली उतरवलं होतं. उन्हात.”

“नियम होता बाबा,” कचरू म्हणाला.

“हो ना. नियम तर पाळायलाच पायजे,” हरिओम म्हणाला आणि त्यानं फॉर्म समोर ओढला. त्याचा आवाज कचरूएवढा मोठा नव्हता, पण मागच्या रांगेला पुरेसा होता.

“नेकनूरला बँक असताना खातं इथं कावून काढताव?”

“हवापालट.”

“खात्याला?” रांग हसली. “बरं. वैवाहिक स्थिती?”

“विधुर.”

“शिक्षण?”

“नववी.”

आजवर हजार वेळा दुसऱ्याला विचारलेले प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला एक एक कपडा उतरवल्यासारखं होतं हे कचरूला साठी उलटल्यावर कळलं. तात्याबा हसत होता तो खरंच हसत होता, की दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून, हेही त्याच्या मनात आलं. घाम फुटला. मफलर त्यातल्या त्यात कामाला आला.

“नॉमिनी?”

कचरूनं शक्य तेवढ्या हळू नाव सांगितलं. हरिओमनं शक्य तेवढ्या स्पष्ट म्हटलं, “मनकर्णाबाई शिवाजी डोंगरे. नातं?”

“वळखीच्या.”

“वळख हे नातं न्हाई, मामा. बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, असं काय ते सांगा.” आणि मग अगदी मदत करायच्या सुरात, “बहीण लिहू का?”

“न्हाई!” कचरू ओरडला. “बहीण न्हाई!”

हा आवाज मात्र खास होता. चालत्या गाडीत ड्रायव्हरला ‘थांब’ म्हणायचा. बँक चिडीचूप झाली. बायनाबाईच्या हातातली पिशवी खाली आली. त्या एका ‘न्हाई’त जे सांगायचं होतं ते सगळं सांगून झालं होतं, आणि ते सगळ्यांना कळलं होतं. आता पुढचं एक वाक्य बोलायचं होतं फक्त.  हरिओमही आता हसत नव्हता. तो हलकेच म्हणाला, “मंग काय लिहू, मामा?”

“इतर लिहा,” कचरू म्हणाला.

परतीच्या गाडीत तो स्वतःशीच बोलत होता. कचरू, तू गाढव नाहीस. गाढव निदान लाथ तरी मारतं.

गाडी नेकनूरला पोचायच्या आत बायनाबाईचा फोन पोचला होता. मनकर्णाबाई थांब्यावर उभी होती. चारचा चहा सोडून. कचरू उतरला, त्यानं चष्मा काढून खिशात घातला.

“गेलताव कुठं?” तिनं विचारलं.

“जरा काम होतं.”

“दिंद्रुडला?”

“तुमाला कळलंच आसंल.”

“कळलं. बहीण न्हाई म्हणून वरडलाव म्हणं.” क्षणभर तिच्या ओठाच्या कडेला हसू आल्यासारखं वाटलं, पण ते लगेच गेलं. “आन् मंग काय लिहिलं?”

कचरूनं खिशातला चष्मा काढून पुसायला घेतला.

“मी इचारते, काय लिहिलं?”

“इतर.”

“इतर!” मनकर्णाबाई म्हणाली. “गाडी बदलून, तोंडाला फडकं बांधून, यवढ्या लांब जाऊन ‘इतर’ लिहून आलाव? आवो, मी काय चोरीचा माल हाय का लपवून ठिवायला? दवाखान्यात मला ‘गावची’ म्हणायला लागलं, तवाच मला लई लागलं होतं. माझ्या तोंडानं मी काय म्हणणार? तुमी कवा काय बोललाव का? वाटलं, हा माणूस यवढं मोठ्यानं बोलतोय साऱ्या गावाचं, एक दिवस आपलंबी बोलंल.” तिनं पदर खोचला. “उद्या आकराला मी बँकेत येते. मला माझं आनखी एक खातं काढायचं हाय. फॉर्म तुमी भरायचा, नॉमिनीत तुमचं नाव टाकायचं. नातं काय लिहायचं ते तुमी ठरवून या. इतर लिहिलं तर परवापासून चार वाजता माझी वाट बघू नका.”

ती गेली. थांब्यावर बाळू कंट्रोलर होता, कचरूच्या हाताखाली शिकलेला. तो वहीत डोकं घालून बसला, त्याचीच कचरूला जास्त शरम वाटली.

संध्याकाळी सतीशचा फोन आला. बीडपर्यंतही मामला गेला होता तर.

“बाबा, मनकर्णामावशीचं खरं हाय का?”

“काय खरं?”

“आता मलाबी फॉर्म भरून घ्यावा लागंल का?”

सतीशचा आवाज जड झाला. “नाव टाकलं त्याचं मला काय न्हाई. पर तुमी मला सांगितलं न्हाई, दिंद्रुडच्या बँकेला सांगितलं. आमी काय परके हाव का?”

“तू न्हाई म्हणला आसतास तर?”

सतीश खोटं बोलणारा पोरगा नाही. “म्हणलो आसतो. दोन-चार दिवस. आईची आठवण आली आसती, म्हणून. मंग रूपालीनं समजावलं आसतं.”

मागून रूपाली म्हणाली, “मामा, मी आत्तापासूनच समजावून ऱ्हायले.” आणि फोन ठेवला गेला. रात्री कचरूला झोप आली नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. दगडाबाईच्या फोटोसमोर तो बराच वेळ उभा राहिला. ती काय म्हणाली असती ते त्याला माहीत होतं. लग्न ठरताना कचरूला बोलताच आलं नव्हतं, तेव्हाही तीच म्हणाली होती, “ह्यांचं व्हय समजा.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बँकेचा ओटा भरला होता. एरवी महिन्यात एकदाही न दिसणारी माणसं आज पासबुकं घेऊन रांगेत होती. तात्याबा मेंढरं बारक्या भावाकडं सोपवून आला होता. कचरूच्या शेजारच्या चंद्रभागाबाईचं तर बँकेत खातंच नाही, तरी ती रांगेत तिसरी होती.

मनकर्णाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून आली, कचरूसमोर बसली आणि फॉर्म पुढं ठेवला. कचरूनं पेन उघडलं. एक एक प्रश्न विचारायला लागला. नाव, आईचं नाव, शिक्षण, व्यवसाय. वैवाहिक स्थितीचा रकाना सोडून त्याचं पेन खालच्या ओळीवर गेलं. मनकर्णाबाई म्हणाली, “विधवा. त्यात लपवायचं काय. लिहा.” त्यानं लिहिलं. अवलंबून असलेली माणसं? “कुनी न्हाई,” ती म्हणाली. हे उत्तर त्यानं चार वर्षांमागंही लिहिलं होतं आणि पुढच्या माणसाला हाक मारली होती. आज त्याला ते लिहवेना. त्यानं ते लिहिलं, पण अक्षर वाकडं आलं.

नॉमिनीच्या रकान्यात त्यानं स्वतःचं नाव घातलं. पुढचा रकाना, नातं. मनकर्णाबाई दुसरीकडं बघत होती. रांगेतल्या माना पुढं आल्या. कचरूनं श्वास घेतला, वाकून, फॉर्मवर हाताचा आडोसा धरून, पेपर लिहिणाऱ्या पोरासारखं काहीतरी लिहिलं आणि फॉर्म उलटा करून तिच्यापुढं सरकवला. “दस्तखत करा.” तिनं सही केली. तिला काय लिहिलंय ते दिसलं नाही. तो फॉर्म घेऊन खिडकीकडं गेला आणि ती त्याच्या मागं. आणि आपण अजूनही चोरच आहोत, हे कचरूला त्या चार पावलांत चांगलंच जाणवलं.

धनश्री मॅडमनं फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा एक जागा वाचली. मग मान वर केली.

“मामा, हे काय लिहिलंय? होणारा नवरा?”

ओट्यावर एकच गलका झाला. तात्याबानं कुणाच्या तरी पाठीत धपाटा घातला. चंद्रभागाबाई “आगं बया!” म्हणून मटकन खाली बसली.

“चालत न्हाई का?” कचरूनं विचारलं.

“कसं चालेल? असं काही लिहिता येत नाही, मामा. झालेला असेल तर पती. नसेल तर इतर.”

“इतर लिहायचं न्हाई,” कचरू म्हणाला.

“मग होऊन या,” धनश्री मॅडमनं फॉर्म परत दिला. ती हसत होती, पण तिचे डोळे भरून आले होते. “झालं की या. खातं कुठं पळून चाललंय?”

कचरूला हायसं वाटलं. सुटलो एकदाचे, असं वाटून तो मागं वळला. मागं मनकर्णाबाई उभी होती, कमरेवर हात ठेवून.

“होणारा नवरा?” ती म्हणाली. “आसं कोण म्हणलं?”

“म्हंजी?”

“म्हंजी मला इचारलं कवा तुमी?”

कचरूच्या पायाखालची फरशी सरकली. खरंच की. चार वर्षं. हजारो माणसांना हजारो प्रश्न विचारले त्यानं. हिला आईचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, घरावर पत्रे की स्लॅब ते विचारलं, आणि आज सरळ उत्तरच लिहून टाकलं. प्रश्न विचारलाच नाही.

तो विचारायला गेला तर घशातून आवाज फुटेना. तेहतीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. तोंडातून आला तो असा बारीक आवाज, की पहिल्या सीटवरच्या माणसालाही ऐकू गेला नसता. पण त्या दिवशी बँकेत माशी हलत नव्हती, म्हणून सगळ्यांना ऐकू आला.

“मनकर्णाबाई, माझ्यासंगं लगीन करताव का?”

मनकर्णाबाईनं त्याच्या हातातला फॉर्म घेतला, त्यातला तो रकाना नीट वाचून पाहिला. मग तिनं तो छातीशी धरला.

“व्हय,” ती म्हणाली. “लिहा.”

कचरूनं पेन हातात घेतलं. पण या उत्तराला फॉर्मवर कुठंच जागा नव्हती, म्हणून त्यानं पेन परत खिशाला लावलं आणि तसाच तिच्यापुढं उभा राहिला.